महामारीत आभार मानून नक्की काय होतं? डोक्यात, घरात आणि गल्लीत

गंगेला (म्हणजे आमच्या गोदावरीला) पूर आला की नाशिककर घाटाकडे निघतो. तिथल्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलंय ते बघायला. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं, ही बातमी टीव्हीच्या आधी गावभर होते आणि त्या अंदाजावरच सराफ बाजार, भांडी बाजारातली माणसं दुकानातला माल वर चढवायला लागतात. ४ ऑगस्ट २०१९ चा मोठा पूर तर बऱ्याच जणांना आठवत असेल. पुराचं एक असतं, पाणी सगळ्यांना दिसतं, सगळ्यांना एकाच वेळी दिसतं, आणि ओसरलं की चिखल काढायला माणसं आपोआप एकत्र येतात, कुणी बोलवावं लागत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत ओहायोमध्ये १९६३ साली आपत्तींचा अभ्यास करणारं एक केंद्र सुरू झालं, तिथल्या समाजशास्त्रज्ञांनी भूकंप, पूर, वादळं अशा कितीतरी ठिकाणी जाऊन पाहिलं, आणि त्यांना दिसलं ते सिनेमात दाखवतात त्याच्या उलट होतं. पळापळ आणि लुटालूट फार कमी, शेजाऱ्याने शेजाऱ्याला बाहेर काढणं जास्त. मदत पथक पोचायच्या आधीच निम्मं काम गल्लीतल्याच लोकांनी केलेलं असतं.

महामारीत मात्र हीच गोष्ट अडते. जवळ येणं हाच धोका. पाणी दिसत नाही, कुठपर्यंत आलंय सांगणारा मारुती नाही, आणि संकटात माणूस जे पहिलं करतो (शेजाऱ्याच्या घरात जाणं, पाठीवर हात ठेवणं, मयताला जाणं) तेच नेमकं करू नका म्हणून सांगितलेलं. म्हणून कोरोनाच्या काळात कृतज्ञता, शेजारधर्म वगैरे शब्द खूप ऐकू आले तरी ते प्रत्यक्षात आणणं अवघड का गेलं हे समजून घ्यायचं असेल तर इथून सुरुवात करावी लागते. स्वभाव वाईट म्हणून लोक तुटले असं मला वाटत नाही. नेहमीचे रस्तेच बंद झाले होते.

आता डोक्यात काय होतं ते बघू. आपला मेंदू चांगल्यापेक्षा वाईटाला जास्त वजन देतो, हे मानसशास्त्रात बऱ्यापैकी पक्कं झालेलं आहे. दिवसभरात दहा माणसं नीट बोलली आणि एक जण तिरसट बोलला तर रात्री तो एकच आठवतो. जगण्यासाठी हे कामाचं आहे, कारण धोका विसरलेला प्राणी फार टिकत नाही. पण महामारीत धोका चोवीस तास समोर असतो, ऑक्सिमीटरवरचा आकडा, ग्रुपवर आलेली कुणाच्या तरी भावपूर्ण श्रद्धांजलीची पोस्ट, अँब्युलन्सचा आवाज, आणि मेंदू दिवसभर फक्त तेच गोळा करत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार महामारीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. इतका ताण एकट्या माणसाच्या मनोबलावर सोडून चालत नाही.

दुसरी एक गोष्ट होते, ती जास्त त्रासदायक. रोगाची भीती माणसाची भीती होते. मार्क शॅलर नावाचे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं असं की शरीराला जशी रोगप्रतिकारशक्ती असते तशी वागण्यालाही असते. जिथे रोग असेल असा नुसता संशय येतो तिथून आपण मागे सरतो, विचार करायच्या आधीच. मार्च २०२० च्या शेवटी नाशिक जिल्ह्यातला पहिला रुग्ण लासलगावकडे सापडला, एप्रिलमध्ये मालेगावचे आकडे वाढले, आणि बघता बघता मालेगावहून आलेला माणूस म्हटलं की लोक दोन पावलं मागे व्हायला लागले. नर्सला, वॉर्डबॉयला राहती खोली सोडा म्हणणारे घरमालक देशभर निघाले. ज्या इमारतीत पेशंट सापडला तिथे पत्रे लागले आणि त्या पत्र्यांकडे बघायची आपली नजरही बदलली. ही माणसं दुष्ट होती असं म्हणून विषय संपवता येत नाही, ही घाबरलेली माणसं होती. पण त्यामुळे ज्यांना आधार हवा होता तेच सगळ्यात एकटे पडले, हे तितकंच खरं.

मग यात कृतज्ञता कुठे बसते?

यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग २००३ सालचा, रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या दोघांचा. त्यांनी लोकांचे गट केले. एका गटाने आठवड्यातून एकदा, आपण कशाबद्दल ऋणी आहोत अशा पाच गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने पाच कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसतं काय काय घडलं ते लिहायचं. दहा आठवडे हे चाललं. पहिल्या गटातले लोक एकूण आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाले, पुढच्या आठवड्याबद्दल जास्त आशेने बोलले, आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा व्यायामही जास्त करत होते. नंतर स्नायूंचे जुनाट आजार असलेल्या लोकांवर असाच प्रयोग रोजच्या नोंदींनी केला, तिथेही मूड सुधारला आणि झोपही बरी लागली. म्हणजे ज्यांचं सगळं छान चाललंय त्यांच्यापुरतंच हे नाही.

पण इथे जरा थांबून स्पष्ट बोलायला पाहिजे, कारण कोरोनात या विषयावर व्हॉट्सअॅपवर काहीही फिरत होतं. पुढे असे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा परिणाम खरा पण माफक निघाला. नैराश्याच्या आजारावर आभाराची वही हा उपचार नाही, त्याला डॉक्टरच लागतात. सकारात्मक विचार केला की विषाणू पळतो हे तर साफ चूक आहे आणि धोकादायकही, कारण ते ऐकून जो आजारी पडतो त्याला वाटतं आपलाच विचार कमी पडला. विषाणूला मास्क लागतो, खेळती हवा लागते, लस लागते. कृतज्ञतेचं काम वेगळं आहे, ती लक्ष थोडं हलवते. मेंदू जे फक्त धोक्याचं गोळा करत बसलेला असतो त्याच्या हातात दुसरंही काहीतरी देते, एवढंच, पण महिनोन्महिने चालणाऱ्या संकटात हे एवढंसुद्धा खूप असतं.

आणि रोज रोज केलंच पाहिजे असंही नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोजची सक्ती झाली की तो गृहपाठ होतो, मग हात लिहितो आणि मन दुसरीकडे असतं.

आता मुद्द्याचं. आपण ज्याला कृतज्ञता म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे "बघ, लोकांचं काय काय झालं, आपण निदान बरे आहोत." ही सुटका आहे. दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करून मिळालेली, आणि ती फार टिकत नाही कारण आकडे वाढले की परत भीती. दुसरी म्हणजे "अमक्याने माझ्यासाठी तमकं केलं." यात माणूस आहे, त्याने केलेली गोष्ट आहे, आणि तो ती करायला बांधील नव्हता ही जाणीव आहे. समाजाला जोडते ती ही दुसरी. आभाराला नाव लागतं. सारा अॅल्गो या संशोधक म्हणतात की कृतज्ञतेमुळे आपल्याला चांगली माणसं सापडतात, आधीपासून असलेल्यांची आठवण राहते, आणि दोघांतलं नातं घट्ट होतं. मोनिका बार्टलेट आणि डेव्हिड डेस्टेनो यांनी २००६ मध्ये एक प्रयोग केला, माणूस कॉम्प्युटरवर कंटाळवाणं काम करतोय, ऐनवेळी स्क्रीन बंद पडते, शेजारचा माणूस ती सुरू करून देतो. नंतर मदत मागितल्यावर ज्यांना अशी मदत मिळाली होती ते जास्त वेळ काम करायला तयार झाले, आणि नुसतं त्या माणसासाठीच नाही, अनोळखी माणसासाठीसुद्धा. एकाचं देणं तिसऱ्याकडे पोचतं ते असं.

आपल्याकडे हे समजायला प्रयोगाचीही गरज नाही खरं तर. शेजारणीकडून आलेला डबा आपण रिकामा परत देत नाही. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतो त्यात. थँक्यू म्हणायला आपल्या तोंडाला जड जातं, घरच्यासारख्या माणसाला म्हटलं तर त्यालाच परकं वाटतं, पण डबा भरून जातो आणि मग तिकडून परत काहीतरी येतं आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं, कुणाचं किती झालं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. कोरोनात आजारी घरांना डबे द्यायला लागले तेव्हा हा व्यवहार अर्ध्यावर तुटला. दाराबाहेर पिशवी लटकवायची, बेल मारायची आणि जिन्याने खाली यायचं. डबे वापरून फेकायचे, परत द्यायचे नाहीत. कित्येकांना कोण डबा ठेवून जातंय हेही कळत नव्हतं. अशा वेळी बरं झाल्यावर फोन करून "तुमच्या मुगाच्या खिचडीने तोंडाला चव आली हो काकू" एवढं सांगणं हे रिकामा डबा भरून देण्यासारखंच होतं, आणि ज्यांना असा फोन आला त्यांनी पुढच्या घरालाही डबा दिला. आमच्या बिल्डिंगमध्ये तरी असंच झालं.

एप्रिल-मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा रोडवर जे दिसलं ते नाशिकमध्ये कुणीच विसरणार नाही. कसारा घाट चढून गावाकडे निघालेली मजूर माणसं मुंबईकडून चालत येत होती, इगतपुरी, विल्होळी, नाशिकचं द्वारका, पुढे ओझर, पिंपळगाव, चांदवड, आणि तिथून अजून शेकडो किलोमीटर उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशात. डोक्यावर बोचकं, कडेवर पोरगं, पायात झिजलेली चप्पल किंवा तीही नाही. रस्त्याकडेच्या गावांतून, शहरातून लोकांनी पाणी, खिचडी, बिस्किटं, चपला दिल्या. १ मे च्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला श्रमिक गाडी सुटली, दुसऱ्या दिवशी लखनौला. त्या काळात मदत करणाऱ्यांशी बोललं की एक गोष्ट सारखी ऐकू येते, घरात बसून बातम्या बघताना जी घालमेल व्हायची ती हायवेवर उभं राहिल्यावर कमी झाली. हे मानसशास्त्राशी जुळतं. आपल्या हातून काहीतरी होऊ शकतं ही भावना भीतीवर चांगली चालते. फक्त एवढं लक्षात ठेवायला हवं की चालणाऱ्या माणसाला आपल्या समाधानाशी घेणंदेणं नव्हतं. त्याला गाडी हवी होती, मजुरी हवी होती. त्याने आपले आभार मानावेत अशी अपेक्षा तर अजिबातच नको.

द्राक्षवाल्यांचंही तसंच. लॉकडाऊन लागला तो ऐन हंगामात, दिंडोरी-निफाडचा माल बागेतच अडकला, कुणी बेदाणा करायला घेतला, कुणी पिकअपमध्ये क्रेट भरून थेट शहरातल्या सोसायट्यांच्या गेटवर आणले. नाशिकमध्ये राहून आयुष्यभर द्राक्षं खाल्ली पण पिकवणाऱ्याशी पहिल्यांदा बोललो असं म्हणणारे कितीतरी जण भेटतील. काहींनी नंबर घेतले आणि ती ओळख पुढच्या हंगामातही चालू राहिली.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते जी आपण नेहमी विसरतो. समाजाशी जोडलेलं असणं म्हणजे फक्त जवळची माणसं नाहीत. जवळच्यांशी तर लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉल चालूच होते, उलट जास्तच. गेली ती ओझरती ओळख. दूधवाला, टपरीवर रोज दिसणारे ते दोन जण, बसस्टॉपवरच्या मावशी, मिसळीच्या टेबलावर समोर येऊन बसलेला अनोळखी माणूस. जिलियन सँडस्ट्रॉम यांच्या अभ्यासात दिसलं की ज्या दिवशी अशा साध्या ओळखीच्या लोकांशी जास्त बोलणं होतं त्या दिवशी माणसाला जास्त बरं वाटतं, आपण कुठेतरी आहोत असं वाटतं. आणि महामारीने नेमकं हेच काढून घेतलं. मार्च २०२१ च्या शेवटी तर नाशिकमध्ये बाजारात शिरायला ५ रुपयांची पावती आणि एक तासाची मुभा होती, जास्त रेंगाळलं तर दंड. गर्दी कमी करायला ते केलं हे समजतं, पण बाजारात माणूस फक्त भाजीसाठी जात नाही हेही तेव्हाच कळलं. त्या काळात रोज सकाळी न चुकता येणारी बाहेरची व्यक्ती म्हणजे घंटागाडीवरचे दादा आणि ताई. आमच्याकडच्या आजी कचरा द्यायला स्वतः खाली यायच्या, सुनेला देऊ द्यायच्या नाहीत, कारण तेवढंच दोन वाक्यं बोलणं व्हायचं.

हे मनाला बरं वाटण्यापुरतं आहे असं समजू नका. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र केले, त्यात ३ लाखांहून जास्त लोकांची माहिती होती. ज्यांची नाती भक्कम होती त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. आणि शिकागोत जुलै १९९५ मध्ये उष्णतेची लाट आली, ७३९ जास्तीचे मृत्यू झाले, तेव्हा एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्या तपासल्या. दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे बरेच, उष्णता तीच, पण एकीकडचा मृत्यूदर दुसरीच्या जवळपास दहापट. फरक काय, तर कमी मृत्यू झालेल्या वस्तीत रस्ते गजबजलेले होते, दुकानं चालू होती, म्हातारी माणसं रोज खाली यायची आणि एखादा दिवस दिसली नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात यायचं. दुसरीकडे दुकानं उठून गेली होती, रस्ते ओस, दारं बंद. लक्षात येणं. इतकी साधी गोष्ट.

दुसऱ्या लाटेबद्दल लिहायचं टाळता येणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये नाशिक देशातल्या सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत होतं. बेड नाही, रेमडेसिवीर नाही, ऑक्सिजन नाही. २१ एप्रिलला शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खाली आला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. त्या घरांना कृतज्ञतेबद्दल कुणी काही सांगू नये. दुःखातल्या माणसाला "निदान बाकीचे वाचले", "निदान फार हाल झाले नाहीत" असं म्हणणं म्हणजे त्याचं दुःख त्याच्या हातातून काढून घेणं आहे. आभार हे आतून येतात, कुणाच्या सांगण्यावरून नाही, आणि कधीकधी वर्षानुवर्षं येत नाहीत, त्यात काही गैर नाही. त्यावेळी तर अंत्यविधीला मोजकी माणसं, दहाव्याला रामकुंडावर नेहमीसारखं जमता येत नाही, सांत्वनाला घरी येणारं कुणी नाही. आपल्याकडे दुःख पचवायची जी पद्धत आहे, तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असणं, तीच गेली. ज्यांचं असं राहून गेलं त्यांच्याकडे आजही जाता येतं. उशीर झाला म्हणून संकोच वाटतो, तरी जावं, गेलेल्या माणसाची एखादी आठवण सांगावी, आणि जास्त करून ऐकावं.

आणि टाळ्या-थाळ्यांचं काय? २२ मार्च २०२० ला संध्याकाळी ५ वाजता डॉक्टर, नर्स वगैरेंचे आभार म्हणून देशभर वाजल्या. ज्यांनी वाजवल्या त्यांनी मनापासून वाजवल्या, त्याची टिंगल मला पटत नाही, त्या दिवशी सगळ्यांनी एकत्र काहीतरी केलं याचा आधार वाटला होता. पण आभार तिथे थांबले तर अपुरे. "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम १५ सप्टेंबर २०२० ला सुरू झाली तेव्हा दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरलेल्या आशाताईंना मानधन नावाला मिळत होतं. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना संप करावा लागला, मग कुठे वाढ पदरात पडली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा सन्मान केला, आनंदच आहे. तरी ज्याच्या कष्टावर आपण तगलो त्याच्या पगाराबद्दल, विम्याबद्दल, सुट्टीबद्दल बोलणं हासुद्धा आभाराचाच भाग आहे, आणि घंटागाडीवरच्या कंत्राटी कामगारापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना तो लागू होतो.

करायचं काय ते आता थोडक्यात सांगतो. त्या काळातली एक व्यक्ती आठवा जिचे आभार राहून गेलेत. रात्री बाराला औषध आणून देणारा मेडिकलवाला असेल, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळवून देणारा कुणाचा तरी मित्र असेल, फोनवर सिस्टरांशी बोलणं करून देणारी मावशी असेल. त्यांना फोन करा किंवा चार ओळी लिहून पाठवा, काय केलंत आणि त्याने आमच्याकडे काय झालं हे नेमकं सांगा. विचित्र वाटेल, इतक्या वर्षांनी काय म्हणतील असं वाटेल. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये हेच तपासलं होतं, पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, प्रत्यक्षात समोरच्याला त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला आणि अवघडलेपण कमीच वाटलं.

दुसरं काम सोसायटीचं किंवा गल्लीचं, आणि ते पुढची साथ यायच्या आधी करायचंय. एक कागद घ्यायचा. कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं, कुणाची मुलं बाहेरगावी आहेत आणि त्यांचे नंबर काय, कुणाकडे इन्व्हर्टर आहे, कुणाकडे गाडी आहे, कुणाला इंजेक्शन देता येतं, कुणाचा रक्तगट काय. हे मोबाईलच्या ग्रुपमध्ये टाकून पुरत नाही, तिथे सकाळच्या गुड मॉर्निंगखाली ते गाडलं जातं, म्हणून एक प्रत अध्यक्षांकडे आणि एक वॉचमनच्या केबिनमध्ये, पण हे नंबर बाहेर जाणार नाहीत अशा ठिकाणी. प्रत्येक एकट्या राहणाऱ्या माणसासाठी दोन घरं ठरवायची, सकाळी दार उघडलेलं दिसलं नाही तर बेल मारायची जबाबदारी त्यांची, एक घर गावाला गेलं तर दुसरं आहे. या यादीत वॉचमन, घरकामाच्या मावशी, सफाईवाल्या ताई यांची नावं आणि त्यांच्या घरचे नंबरही पाहिजेत, कारण २०२० मध्ये कामावर येऊ नका म्हणून सांगितल्यावर त्या कुठे राहतात हेच बऱ्याच घरांना माहीत नव्हतं. दर दिवाळीच्या आधी यादी एकदा वाचायची आणि ज्यांचे नंबर बदललेत ते दुरुस्त करायचे.